शेजारच्या शेतातील ठेव

आमच्या धर्मगुरुनिवासातील कपाटाच्या तळच्या खणात, बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांच्या शेजारी, जाड कागदाचा एक गठ्ठा पडून आहे. कडेने वेलबुट्टी, माथ्यावर उगवत्या सूर्याचे चित्र आणि खाली दोन संचालकांच्या सह्या. शेअर दहा हजार, दर्शनी किंमत दहा रुपये, अधिमूल्य आणखी दहा. हे शेअर आमचे नव्हेत. आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त गुरुजींनी ते आमच्यापाशी ठेवावयास दिले आहेत. घरात दृष्टीस पडले की मावशींना क्लेश होतात, असे गुरुजींचे म्हणणे. मावशींना विचारले तर त्या म्हणतात, "क्लेश त्यांनाच होतात, फादर. मी केव्हाच विसरले."

या गठ्ठ्याची हकिकत आजवर आम्ही तुकड्यातुकड्यांनी पुष्कळांना सांगितली आहे. सबंध सांगण्याचे धैर्य झाले नाही, कारण तिच्यात आमचाही वाटा आहे.

गुरुजींची व आमची पहिली भेट १९९३ सालची. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजावयास चार मिनिटे कमी असताना, किल्लारी-सास्तूर परिसराची भूमी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गेली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकती निजली होती. आम्ही त्या वेळी पुण्यास सेमिनरीत शिकत होतो. मदतकार्यासाठी विद्यार्थ्यांची जी तुकडी निघाली तिच्यात आमचाही समावेश होता. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी त्या मुलखातील घरे. उन्हाळ्यात ती आईच्या पदरासारखी थंड असत. त्या पहाटे तीच घरे माणसांच्या अंगावर आली. सास्तूरजवळच्या एका गावी एक तरुण बाई ढिगाऱ्यापाशी बसून हाताने जागा दाखवीत होती: इथे चूल, इथे उतरंड, उतरंडीच्या खालून तिसऱ्या गाडग्यात डबा. तिचे यजमान, जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक, फावडे चालवीत होते. सासूबाई तेथेच गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी डबा मिळाला. आत सासूबाईंच्या हातच्या दोन पाटल्या होत्या, चार तोळ्यांच्या. ती बाई पाटल्या मुठीत धरून प्रथमच मोठ्याने रडली. आम्ही बावीस-तेवीस वर्षांचे होतो. कोठे पाहावे हे आम्हाला कळेना.

वीस वर्षांनी आमची नेमणूक याच भागात झाली. गुरुजी निवृत्त झाले होते, मावशींचे केस पिकले होते, आणि त्या पाटल्या त्यांच्या हातात होत्या. मिस्साबलिदानात शांतिभेटीच्या वेळी त्या हात जोडीत तेव्हा पाटल्यांचा बारीक आवाज होई.

आता २०१३ च्या सप्टेंबरकडे येतो. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक तरुण आम्हाला भेटावयास आला. स्वच्छ पोशाख, नम्र बोलणे, शेजारच्या जिल्ह्यातील ख्रिस्ती घराण्यातला. एका खनिज संशोधन कंपनीचे काम करतो, म्हणाला. लोक चहासाठी थांबलेलेच होते. दहा मिनिटे बोलू द्याल का, असे त्याने विचारले. त्या पावसाळ्यात आमच्या सभागृहाचे पत्रे गळत होते. निघण्यापूर्वी त्याने दुरुस्तीसाठी पाच हजार रुपयांचे पाकीट पुढे केले होते, की निघताना केले, हे आम्हाला आता नक्की आठवत नाही. आठवावेसे वाटत नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल. आम्ही त्याला व्हरांडा दिला. दहा मिनिटांची चाळीस झाली.

त्याने भिंतीवर एक नकाशा लावला. रायचूर जिल्हा, लिंगसुगूर तालुका, हट्टी. तांबडा चौकोन कर्नाटक सरकारच्या सोन्याच्या खाणीचा. त्याच्या बाजूस निळा चौकोन. तेथे एका खासगी कंपनीने छिद्रे घेतली होती आणि सोन्याचा दगड लागल्याचे जाहीर केले होते. निळ्याला अगदी चिकटून पिवळा चौकोन. "हा आपला," तो म्हणाला. आपला हा शब्द त्याने इतक्या सहजपणे वापरला की कोणी दचकले नाही. निळ्या कंपनीच्या शेअरचा भाव कोठून कोठे गेला ते त्याने सांगितले. पिवळ्याचा शेअर आज वीस रुपयांना मिळेल. उद्या छिद्र पडले की शंभराला मिळणार नाही. शेवटी त्याने आमच्या जिल्ह्यातील तेर गावाचा, म्हणजे प्राचीन तगर नगराचा दाखला दिला. दोन हजार वर्षांपूर्वी येथील कापड भडोच बंदरातून परदेशी जाई, आणि त्या बंदरात रोमचे सोन्याचे नाणे येई. तेव्हा धाराशिवच्या माणसाला सोने नवे नाही, असे तो म्हणाला. लोक हसले. तगरने सोने व्यापारात कमावले होते, भूमीत खणून काढले नव्हते, हा भेद त्या वेळी आमच्या ध्यानात आला नाही.

त्याच आठवड्यात भूकंपाचे वीसावे स्मृतिवर्ष होते. मृतांसाठी मिस्सा अर्पण झाल्यावर संध्याकाळी गुरुजी आले. हातात शुभवर्तमानाची प्रत होती. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील दाखला त्यांनी काढून ठेवला होता: शेतात लपविलेली ठेव एका माणसाला सापडते आणि तो आपले सर्वस्व विकून ते शेत विकत घेतो. "फादर, प्रभूने त्या माणसाला दोष दिलेला नाही," गुरुजी म्हणाले. आम्ही काय उत्तर दिले? विचार करून निर्णय घ्या, प्रार्थना करा, मावशींशी बोला. सेमिनरीत आम्ही नऊ वर्षे काढली. त्या ग्रंथाचे मूळ ग्रीकपर्यंत शिक्षण घेतले. आणि समोर बसलेल्या माणसाला जे सांगावयास हवे होते ते आम्ही सांगितले नाही. त्या दाखल्यातील माणसाला ठेव आधी सापडली होती. शेत त्याने मागाहून घेतले. आणि घेतले तेच शेत, शेजारचे नव्हे.

गुरुजींनी पाटल्या सराफाकडे नेल्या. त्या वेळी तोळ्याला तीस हजारांच्या आसपास भाव होता. घट वगैरे वजा जाता लाखाच्या वर रक्कम आली. उरलेली निवृत्तीच्या पैशांतून घातली आणि दोन लाखांचे दहा हजार शेअर घेतले. आमच्या धर्मग्रामातील आणखी आठ कुटुंबांनी घेतले, कोणी पाचशे, कोणी हजार. पुढच्याच महिन्यात उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, एका साधूच्या स्वप्नावरून, जुन्या किल्ल्यात हजार टन सोन्यासाठी पुरातत्त्व खात्याचे उत्खनन सुरू झाले. वृत्तपत्रे त्या बातम्यांनी भरली. सोने निघाले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण उत्खनन चालू असताना गुरुजी आम्हाला म्हणाले, "पाहा फादर, सरकारसुद्धा खणते आहे." आम्ही हसलो.

आम्हाला खरोखर काहीच ठाऊक नव्हते असेही नाही, आणि येथेच आमचा दोष अधिक आहे. सेमिनरीत आमच्या वर्गात कोलारच्या सुवर्णखाणींच्या वसाहतीत वाढलेला एक तमिळ विद्यार्थी होता. त्याचे वडील व आजोबा खाणीत उतरत. एका सुट्टीत तो आम्हाला घरी घेऊन गेला. सायनाइडने सोने काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीच्या टेकड्या, त्यांवरून वाऱ्याबरोबर घरात येणारी करडी धूळ, आणि आकाशात उभे असलेले लोखंडी चक्रांचे सांगाडे, एवढे आम्हाला स्पष्ट आठवते. चँपियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. इतक्या खोलीवर दगडच तापलेला असतो, आणि वरच्या भाराने तो कधी कधी स्फोटासारखा फुटतो. मित्राचे वडील मोडक्या इंग्रजीत आम्हाला म्हणाले होते, की आमच्या तीन पिढ्यांनी सोने काढले; शेअर मात्र आमच्यापैकी एकाकडेही नव्हता. २००१ च्या फेब्रुवारीअखेर ती खाण बंद झाली.

त्या रात्रीच्या गप्पांत आम्हाला कोलारचा इतिहास कळला, आणि पुढे आम्ही तो वाचलाही. न्यूझीलंडच्या युद्धातून परतलेला मायकल लाव्हेल नावाचा एक आयरिश सैनिक बंगळूरला येऊन राहिला होता. लेफ्टनंट वॉरनने १८०२ च्या सुमारास कोलारकडील गावकरी माती धुऊन सोन्याचे कण काढताना पाहिले होते. त्याचा जुना लेख वाचून लाव्हेल बैलगाडीने तेथे गेला. १८७५ साली त्याला म्हैसूर सरकारचा परवाना मिळाला. पैसा संपल्यावर दोनच वर्षांत त्याने तो दुसऱ्यांच्या हवाली केला. त्यानंतर वायनाड भागात सोने असल्याची हाकाटी झाली. १८७९ ते १८८१ या काळात तेथील सोन्यासाठी चाळीसच्या वर कंपन्या निघाल्या आणि लंडनच्या लोकांनी लाखो पौंड ओतले. वायनाडला हाती जवळजवळ काही लागले नाही. त्याच लाटेत कोलारमध्येही कंपन्या निघाल्या आणि त्याही बुडावयास आल्या. म्हैसूर कंपनीपाशी थोडीच शिल्लक उरली होती. ती भागधारकांना वाटून कंपनी मोडावी, असे काहींचे मत होते. व्यवस्थापक जॉन टेलर यांनी आणखी एकदा प्रयत्न करावयास त्यांचे मन वळविले, आणि १८८३ साली कॅप्टन प्लमर यांना जुन्या लोकांच्या बुजलेल्या विवरांखाली सोन्याची ती प्रसिद्ध शीर सापडली.

यापुढचा भाग आमच्या हकिकतीशी संबंधित आहे. म्हैसूर कंपनीला सोने लागताच शेजारच्या कंपन्यांत जीव आला. उरगाव, नंदीदुर्ग आणि चँपियन रीफ या त्याच शिरेच्या रेषेवर होत्या. त्यांनाही सोने लागले आणि त्यांचे भागधारक गबर झाले. पण नावात म्हैसूर किंवा कोलार घालून, नकाशावर जवळ दिसणारी जमीन घेऊन उभ्या राहिलेल्या सगळ्याच कंपन्या त्या रेषेवर नव्हत्या. शीर काही फूट रुंदीची. तिच्यापासून अर्ध्या कोसावर खणले तर निव्वळ दगड. जमिनींच्या हद्दी सरकारी कचेरीत आखल्या जातात. शीर त्यांच्या कितीतरी आधी आखली गेलेली असते. सोन्याच्या शिरेला शेजारधर्म ठाऊक नसतो.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. शोध घेणारे भूशास्त्रज्ञ सोन्याच्या जवळच सोने शोधतात, आणि ते योग्यच करतात. जेथे एकदा सापडले तेथे पुन्हा सापडण्याचा संभव इतरत्रापेक्षा अधिक. म्हणून त्या तरुणाचा नकाशा खोटा नव्हता. तांबडा चौकोन होता, निळा होता, आणि पिवळा निळ्याला चिकटूनही होता. शोध घेणारी कंपनी दहा ठिकाणी छिद्रे घेते आणि नऊ ठिकाणी फसते; दहावे साधले तर नवांचा खर्च निघतो. गुरुजींपाशी पाटल्यांचे दहा जोड नव्हते.

शिवाय सोने लागले म्हणजे काय लागले, हेही त्या व्हरांड्यात कोणी विचारले नाही. टनभर दगडात तीन ग्रॅम सोने निघाले तरी ती चांगली बातमी समजली जाते. म्हणजे दहा टनांचा एक ट्रक भरून दगड आणावा, तो पिठासारखा दळावा, सायनाइडच्या पाण्यात भिजवावा, तेव्हा कोठे तीन तोळे हाती येतात. तेही तो दगड पुरेसा असेल, फार खोल नसेल, पाणी व वीज मिळेल आणि परवाने मिळतील तर. २०२० च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातील सोनभद्र येथे ३,३५० टन सोने सापडल्याची बातमी देशभर पसरली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला की तेथे आहे तो सुमारे ५२,८०० टन दगड, टनाला तीन ग्रॅमच्या हिशेबाने. त्यातून निघू शकेल असे सोने १६० किलोच्या आसपास. हजारो टनांचे दीडशे किलो झाले, पण खुलासा वाचणारे बातमी वाचणाऱ्यांपेक्षा नेहमीच थोडे असतात.

आता आपल्या मातीविषयी. वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल की ज्या जमिनीवर आपली घरे उभी आहेत तिच्या पोटातील खनिजांचेही शेअर एकदा लंडनच्या बाजारात विकले गेले होते. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्याला नळदुर्ग जिल्हा म्हणत. १८८६ साली निजाम सरकारने आपल्या साऱ्या मुलखातील खनिजे शोधून काढण्याचा हक्क वॉटसन आणि स्ट्युअर्ट या दोन इंग्रजांना दिला. मक्ता ९९ वर्षांचा. त्यातून हैदराबाद (डेक्कन) कंपनी उभी राहिली. भांडवल दहा लाख पौंड, दहा पौंडांचा एक असे एक लाख शेअर. त्यांपैकी ८५,००० शेअर मक्तेदारांनी एक पैसाही न भरता, पूर्ण भरलेले म्हणून आपल्या पदरात घेतले. खरा पैसा आला तो उरलेल्या पंधरा हजारांवर. मग बाजारात भाव चढविण्यात आला. निजामाचे वजनदार अधिकारी अब्दुल हक, ज्यांना सरदार दिलेर जंग ही पदवी होती, त्यांचा या व्यवहारात गुप्त हिस्सा होता. आणि निजाम सरकारच्या पैशाने याच कंपनीचे शेअर दर्शनी किमतीहून अधिक दराने खरेदी करण्यात आले. विकणारे व विकत घेणारे एकच, अशी ही अजब खरेदी. १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेने चौकशी समिती नेमली, आणि अब्दुल हक यांना पदावरून दूर व्हावे लागले.

याचा अर्थ त्या मुलखात काहीच नव्हते असा नाही. त्याच कंपनीने सिंगरेणीचा कोळसा काढला. हट्टी येथेही सोने निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९२० पर्यंत ती खाण चालली, मग बंद पडली, आणि निजामाच्या राज्याच्या अखेरीस, १९४७ च्या सुमारास, पुन्हा उघडण्याची तयारी झाली. आज ती कर्नाटक सरकारची चालती खाण आहे. इंग्रज येण्याच्या कितीतरी शतके आधी कोणा अनाम लोकांनी तेथे सहाशे फुटांपर्यंत खणलेले होते. तेव्हा त्या तरुणाच्या नकाशातील तांबड्या चौकोनात सोने होते, आहे. प्रश्न पिवळ्याचा होता.

आणि आपल्या पायाखाली काय आहे? हे आपल्याला ज्या रीतीने कळले तसे ते कोणालाही कळू नये. भूकंपानंतर त्याची कारणे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारीपाशी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचे ३३८ मीटर आपला ओळखीचा काळा पाषाण, लाव्हाच्या थरांवर थर. त्याखाली आठ मीटर प्राचीन गाळ. आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा तो फार जुना खडक, जो दक्षिणेस रायचूरकडे उघडा पडलेला आहे. सोने धारण करणारे पट्टे त्या दक्षिणेकडील जुन्या खडकांच्या प्रदेशात आहेत. आपल्याकडे त्या जुन्या खडकावर शेकडो मीटर जाडीचे काळे झाकण बसलेले आहे. आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याने २०१४ साली विहीर खोदताना लागलेला पिवळा चकचकीत दगड रुमालात बांधून आमच्याकडे आणला होता. आम्ही त्याला शाळेतील विज्ञानशिक्षकांकडे पाठविले. सोने नाही हे कळल्यावर तो निराश झाला, पण त्याने विहीर पुरी केली आणि तिला पाणी लागले. असो.

२०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने अध्यादेश काढून खाणींच्या कायद्यात मोठा बदल केला. पूर्वी जो आधी अर्ज करील त्याचा हक्क आधी धरला जाई. आता खाणपट्टे लिलावाने द्यावयाचे ठरले. १२ जानेवारीपूर्वी आलेले आणि मंजूर न झालेले अर्ज, काही अपवाद सोडता, रद्दबातल झाले. त्यामागे कारणे होती: २०१२ सालच्या कोळसाखाण प्रकरणानंतर अर्जावर वाटप करण्याची पद्धत देशाला नकोशी झाली होती. पण त्याच वेळी आम्हाला प्रथम कळले की पिवळ्या चौकोनातील जमीन त्या कंपनीच्या मालकीची नव्हतीच. तिच्यापाशी शोध घेण्याचा परवानाही नव्हता. होता तो एक अर्ज. लोकांनी शेअर घेतले होते ते एका अर्जाचे. कंपनीचे एक पत्र आले, की कायदा बदलल्याने अर्ज बाद झाला आहे, न्यायालयात जाण्याचा विचार चालू आहे. त्यानंतर पत्र नाही. तरुणाचा फोन लागेना.

मग आम्ही धावपळ केली. जिल्ह्याच्या गावी एका सनदी लेखापालांना कागद दाखविले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "यांनी विवरणपत्र काढले होते का?" त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पन्नास किंवा अधिक लोकांना शेअर देऊ करावयाचे तर जाहीर विवरणपत्र काढणे आणि शेअर बाजारात नोंदणी करणे आवश्यक होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्यात हे ठामपणे सांगितले होते. आमच्या व्हरांड्यातच त्या दिवशी साठ-सत्तर माणसे होती. हा प्रश्न विचारावयास कायद्याची पदवी लागत नाही. मिस्सानंतरच्या सूचना वाचतो त्या स्वरात आम्ही तो विचारू शकलो असतो.

२०१६ च्या प्रायश्चित्तकाळात एका रविवारी आम्ही वेदीवरून हे सर्व सांगितले. त्या मनुष्याला आम्ही येथे बोलू दिले, त्याचे पैसे घेतले आणि गुरुजनांनी विचारले तेव्हा आम्ही उत्तर टाळले, एवढेच. नावे घेतली नाहीत. प्रवचनानंतर लोक गप्प होते. पुढे दोन कुटुंबे काही महिने दुसऱ्या चर्चमध्ये जात राहिली. एक माणूस, ज्याचे पाच हजार रुपये गेले होते, आम्हाला स्पष्ट म्हणाला, "फादर, सभागृहात बसताना वर पाहावेसे वाटत नाही. ते पत्रे आमच्याच पैशाचे आहेत." एजंटाच्या दलालीतून ती देणगी आली असणार, हे त्याने बरोबर ओळखले होते. त्या पाच हजारांत स्वतःचे काही घालून आम्ही ती रक्कम ज्यांचे सर्वांत थोडे गेले होते पण ज्यांना सर्वांत अधिक गरज होती अशा दोन विधवांना दिली. गुरुजींनी त्यात वाटा मागितला नाही. मागितला असता तर पुरलाही नसता.

गुरुजी पुष्कळ दिवस हिशेब करीत राहिले. फसविणारा मोठा असला की फसलेल्याला थोडा धीर येतो, म्हणून आम्ही त्यांना एकदा कॅनडातील ब्रे-एक्स कंपनीची हकिकत सांगितली. इंडोनेशियाच्या जंगलात बुसांग येथे जगातील एक सर्वांत मोठा सोन्याचा साठा सापडल्याचे तिने जाहीर केले. तिची किंमत अब्जावधी डॉलरवर गेली आणि आसपास जमीन घेतलेल्या कंपन्यांचेही भाव चढले. १९९७ साली कळले की दगडाच्या नमुन्यांत बाहेरून सोन्याची पूड मिसळलेली होती. मोठमोठे निवृत्तिवेतन निधी त्यात पोळले. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे शेजारच्यांचे भाव चढले, तेव्हा मूळ जागीसुद्धा सोने नव्हते?" नव्हते, आम्ही म्हणालो. ते बराच वेळ हसले. दोन वर्षांत त्यांना आम्ही तसे हसताना पाहिले नव्हते.

सोन्याचा भाव मात्र कोणाच्या खाणीची वाट पाहत थांबला नाही. २०२५ साली दहा ग्रॅमने लाखाचा टप्पा ओलांडला. त्या चार तोळ्यांचे आज चार लाखांहून अधिक झाले असते. हे गणित मावशी करीत नाहीत. गुरुजी करतात, आणि आम्ही विषय बदलतो.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या नातीचा विवाह आमच्या चर्चमध्ये झाला. मुलगी परिचारिका आहे, स्वतःच्या पगारातून तिने आजीसाठी पाटल्या आणल्या होत्या, एक ग्रॅमवाल्या, वरून सोन्याचा मुलामा दिलेल्या. विवाहविधी आटोपल्यावर सभागृहात, त्याच पत्र्यांखाली, जेवणे चालू होती. मावशी पानावरून उठून आमच्यापाशी आल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"फादर, हट्टीच्या आहेत," त्या म्हणाल्या, आणि गुरुजींकडे न पाहता आमच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली.